हरूनही रेटिंग वाढलं कसं? बुद्धिबळाच्या रेटिंगबद्दल पालक आणि मुलं नेहमी विचारतात ते प्रश्न

बेळगावात रविवारी सकाळी मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. शहापूर, वडगाव, टिळकवाडीची मुलं येतात, खानापूरहूनही दोघं-तिघं येतात. स्पर्धा संपवून मंडळी घरी पोहोचली की फोन सुरू होतात आणि त्यातले बहुतेक रेटिंगचेच असतात. फोनवर घाईघाईत अर्धवट सांगितलं जातं. त्या अर्धवट माहितीवर घरात निर्णय होतात आणि भोगतात मुलं, हे मी पाहिलं आहे. म्हणून इथे सावकाश, आकडे मांडून लिहितो. खाली जिथे नुसतं ‘रेटिंग’ म्हटलं आहे तिथे ते जागतिक बुद्धिबळ महासंघाचं, म्हणजे फिडेचं, समजावं. वर्तमानपत्रं त्यालाच ‘आंतरराष्ट्रीय मानांकन’ म्हणतात.

रेटिंग म्हणजे नेमकं काय? परीक्षेतल्या मार्कांसारखं का?

मार्कांसारखं नाही. मार्क पेपर सोडवल्यावर मिळतात आणि तसेच राहतात. रेटिंग हा एक अंदाज आहे: हा खेळाडू अमक्या रेटिंगच्या खेळाडूसमोर बसला तर शंभर डावांत साधारण किती गुण मिळवेल, याचा. प्रत्येक डावानंतर अंदाज आणि निकाल ताडून पाहायचे आणि अंदाज थोडा सुधारायचा, इतकंच ते काम आहे.

आपल्या भागातल्या कुस्ती मैदानाकडे पाहा. नावाजलेल्या पैलवानाशी एखाद्या नवख्या पोराची जोड लागली आणि पोराने टिकून कुस्ती बरोबरीत सोडवली, तर हलगी कुणासाठी वाजते? कुस्ती कुणीच मारलेली नसते, तरी पोराचं नाव चार गावांत होतं आणि नावाजलेल्याचं थोडं उतरतं. लोकांच्या मनात आधीपासून एक अपेक्षा असते आणि निकाल त्या अपेक्षेशी जोडून पाहिला जातो. बुद्धिबळात हीच गोष्ट आकड्यांत मांडली आहे.

ती मांडली अर्पाद एलो यांनी. जन्म १९०३ चा, हंगेरीतला. लहानपणीच अमेरिकेत गेले आणि तिथे मिलवॉकी शहरात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. स्वतः चांगले खेळाडू होते. अमेरिकेच्या महासंघाने त्यांची पद्धत १९६० मध्ये घेतली आणि फिडेने १९७० मध्ये. ‘एलो’ हे कशाचं तरी लघुरूप असावं असं मुलांना वाटतं. ते माणसाचं आडनाव आहे.

जिंकलं की किती वाढतं आणि हरलं की किती कमी होतं? एक ठरलेला आकडा सांगा.

ठरलेला आकडा नाही आणि सगळ्या गैरसमजांचं मूळ इथेच आहे. हिशेब असा:

रेटिंगमधला बदल = के × (मिळालेला गुण − अपेक्षित गुण)

मिळालेला गुण म्हणजे जिंकल्यास १, बरोबरीस अर्धा, हरल्यास ०. ‘के’ हा खेळाडूनुसार ठरणारा गुणक आहे, त्याबद्दल पुढे. अपेक्षित गुण दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून काढतात. फिडेचा त्यासाठी तक्ता आहे. त्यातल्या काही ओळी:

फरक ०: दोघांनाही ०.५०
फरक ५०: वरच्याला ०.५७, खालच्याला ०.४३
फरक १००: ०.६४ आणि ०.३६
फरक २००: ०.७६ आणि ०.२४
फरक ३००: ०.८५ आणि ०.१५
फरक ४००: ०.९२ आणि ०.०८

आता समजा, तुमच्या मुलाचं रेटिंग १५०० आहे, के ४० आहे आणि समोर १७०० चे कुणी काका बसलेत. मुलाकडून अपेक्षा ०.२४ गुणाची. तो जिंकला तर ४० × ०.७६ म्हणजे ३०.४ वाढतील. बरोबरी झाली तर ४० × ०.२६ म्हणजे १०.४ वाढतील. हरला तर ४० × ०.२४ म्हणजे ९.६ जातील. जिंकण्यात तीस आणि हरण्यात दहा! वरच्या खेळाडूची जोडी लागली म्हणून तोंड पाडून बसणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हेच तीन आकडे वहीत लिहायला लावतो.

सर, मी त्या काकांना हरवलं तर माझे तीस वाढले, पण त्यांचे पंधराच गेले. बाकीचे कुठून आले?

छान पकडलंस. तुझा के ४० आणि त्यांचा २०, म्हणून त्यांचे २० × ०.७६, म्हणजे १५.२ गेले. तुझे गुण त्यांच्या खिशातून काढून दिलेले नसतात. दोघांचा हिशेब आपापल्या के प्रमाणे स्वतंत्रपणे होतो. दोघांचा के सारखा असेल तेव्हाच एकाचे जितके वाढतात तितकेच दुसऱ्याचे कमी होतात.

हा ‘के’ कोण ठरवतं? माझ्या मुलीचा ४० आणि तिच्या मामाचा २० का?

क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या डावांसाठी फिडेचे नियम असे आहेत. नव्याने रेटिंग मिळालेल्या खेळाडूचा के ३० डाव पूर्ण होईपर्यंत ४०. त्यानंतर रेटिंग २४०० च्या खाली असेपर्यंत २०. एकदा २४०० गाठलं की १०, आणि मग रेटिंग पुन्हा खाली आलं तरी १० च राहतो. मुलांसाठी वेगळी सोय आहे. अठरावा वाढदिवस ज्या वर्षी येतो ते वर्ष संपेपर्यंत, रेटिंग २३०० च्या खाली असेल तर, के ४०. म्हणजे २००८ मध्ये जन्मलेल्या मुलाला, महिना कोणताही असो, ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत ४० मिळतो.

मला हा नियम फार न्यायाचा वाटतो. मूल सहा महिन्यांत केवढं तरी सुधारतं. त्याचं रेटिंग हळूहळू सरकलं तर ते कायम मागेच राहील, आणि समोर बसणाऱ्या मोठ्यांचे गुण विनाकारण जातील, कारण त्यांची गाठ कागदावर १४५० असलेल्या पण खेळात १७०० झालेल्या मुलाशी पडत असते. चाळीस वर्षं खेळलेल्या मामांची ताकद मात्र एका स्पर्धेत फारशी हलत नाही. त्यांना २० पुरे.

एक बारीक अट आहे. एका महिन्याच्या यादीत मोजल्या जाणाऱ्या डावांची संख्या गुणिले के हा आकडा ७०० च्या वर जाऊ देत नाहीत. मेच्या सुट्टीत तुमच्या मुलाने लागोपाठ दोन स्पर्धा खेळल्या आणि १८ डाव मोजले गेले, तर १८ × ४० = ७२० होतात, म्हणून त्या महिन्यापुरता के ३८ धरतात. हिशेब दोन-तीन गुणांनी जुळत नसेल तर आधी हे तपासा.

बरोबरी केली तरी रेटिंग कमी झालं. बरोबरीत तर कुणीच हरत नाही ना?

फलकावर कुणी हरत नाही, पण अपेक्षेशी तुलना इथेही होतेच. बरोबरीचा अर्धा गुण अपेक्षेपेक्षा जास्त असेल तर वाढ, कमी असेल तर घट. १७०० च्या खेळाडूने १५०० वाल्याशी बरोबरी केली की त्याला अपेक्षेपेक्षा ०.२६ कमी मिळाले. के २० असेल तर ५.२ गेले. सारख्या रेटिंगच्या दोघांची बरोबरी झाली तर काहीच हलत नाही.

इथे आणखी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. ०.७६ म्हणजे जिंकण्याची शक्यता ७६ टक्के, असं बरेच जण सांगतात. तसं नाही, ती गुणांची अपेक्षा आहे. शंभर डावांत ७६ जिंकून २४ हरले तरी ७६ गुण होतात. ६० जिंकले, ३२ बरोबरीत सुटले आणि ८ हरले तरी ७६ च होतात. सूत्राला दोन्ही सारखेच. तुमची मुलगी बऱ्याच बरोबऱ्या करते म्हणून तिचं रेटिंग अडकलं आहे असं समजू नका. ती कुणाशी बरोबरी करते ते पाहा.

मुलगी सहापैकी तीन डाव हरली. तरी रेटिंग नऊने वाढलं. चूक तर झाली नाही ना?

हा प्रश्न चिकोडीहून एका आईने विचारला होता. त्या स्वतः पाटीवर हिशेब करून बसल्या होत्या, पण जिंकल्यास अधिक दहा आणि हरल्यास उणे दहा असा. त्यांच्यासारखंच एक उदाहरण घेऊ. मुलीचं रेटिंग १५२०, के ४०.

पहिल्या फेरीत १७२० शी हरली: अपेक्षा ०.२४, म्हणून −०.२४.
दुसऱ्या फेरीत १४७० ला हरवलं: अपेक्षा ०.५७, म्हणून +०.४३.
तिसऱ्या फेरीत १६५० शी बरोबरी: अपेक्षा ०.३२, म्हणून +०.१८.
चौथ्या फेरीत १८२० शी हरली: अपेक्षा ०.१५, म्हणून −०.१५.
पाचव्या फेरीत १४४० शी हरली: अपेक्षा ०.६१, म्हणून −०.६१.
सहाव्या फेरीत १६०० ला हरवलं: अपेक्षा ०.३९, म्हणून +०.६१.

बेरीज +०.२२. गुणिले ४० म्हणजे ८.८, म्हणजे ९. नवीन रेटिंग १५२९. सहापैकी अडीच गुण, अर्ध्याहूनही कमी. पण समोरचे पाहता तिच्याकडून २.२८ च अपेक्षित होते.

आणि पाचवी फेरी पाहा. तिचे खरे गुण तिथे गेले. १८२० वाल्याशी हरल्याचे ६ गेले, १४४० वाल्याशी हरल्याचे २४.४. घरी आल्यावर कोणता डाव पुन्हा मांडून बघायचा हे यातून दिसतं. मुलं मात्र मोठ्या रेटिंगवाल्याशी हरलेला डावच आधी दाखवायला आणतात.

दादा स्पर्धेत बक्षीस घेऊन आला आणि रेटिंग पंचवीसने उतरलं! असं कसं?

दादाचं रेटिंग १९०० आणि स्पर्धेत बहुतेक खेळाडू १४५० च्या आसपासचे असतील, तर असंच होणार. एवढ्या फरकाला प्रत्येक डावात ०.९२ ची अपेक्षा. नऊ फेऱ्यांत ८.२८. दादाने ७ गुण केले, वरचा नंबर आला, चषक मिळाला. पण अपेक्षेपेक्षा १.२८ कमी पडले. के २० ने गुणलं की २५.६ गेले. नंबर स्पर्धेतल्या इतरांशी तुलना करून लागतो, रेटिंगची तुलना तुमच्या स्वतःच्या अपेक्षेशी असते.

फरक ६००-७०० चा असला तर? हरवल्यावर पन्नास मिळतील का?

नाही. ४०० हून जास्त फरक असला तरी हिशेबात ४०० च धरतात. म्हणून के ४० असलेल्या मुलाला एका डावात जास्तीत जास्त ४० × ०.९२, म्हणजे ३६.८ मिळू शकतात. आणि कितीही मोठ्या खेळाडूशी हरला तरी ३.२ च जातात. मधल्या काळात या सवलतीवर बंधन होतं, स्पर्धेत एकाच डावाला ती मिळायची. मार्च २०२४ पासून पुन्हा सगळ्या डावांना मिळते. ऑक्टोबर २०२५ पासून २६५० आणि त्यावरच्या खेळाडूंना मात्र खरा फरकच मोजला जातो. आपल्या मुलांना त्याची काळजी अजून काही वर्षं नको.

ज्यांनी नेटवरून १० चा घात असलेलं सूत्र शोधून काढलं आहे त्यांच्यासाठी: त्या सूत्राने ४०० च्या फरकाला ०.९१ येतं आणि फिडेच्या तक्त्यात ०.९२ आहे. दोन्ही वक्र जवळजवळ एकमेकांवर बसतात, पण टोकाला किंचित वेगळे होतात. फिडेचा हिशेब तक्त्यानेच होतो.

पहिलं रेटिंग कसं मिळतं? मुलगा तीन स्पर्धा खेळला, अजून ‘अनरेटेड’च दिसतो.

रेटिंग असलेल्या खेळाडूंविरुद्ध निदान ५ डाव व्हावे लागतात. ते एकाच स्पर्धेत व्हायची गरज नाही, २६ महिन्यांच्या आतले निकाल एकत्र धरतात. पहिल्याच स्पर्धेत रेटिंगवाल्यांविरुद्ध शून्य गुण झाले तर ती स्पर्धा धरत नाहीत, त्यामुळे एक बरोबरी तरी हवीच. बहुतेक वेळा अडचण अशी असते की नऊ फेऱ्यांत निम्मे प्रतिस्पर्धी अनरेटेडच लागलेले असतात. ते डाव मोजणीत येत नाहीत.

मार्च २०२४ पासूनची पद्धत जरा वेगळी आहे. तुमच्या खऱ्या डावांत आणखी दोन काल्पनिक डाव मिळवतात, १८०० रेटिंगच्या खेळाडूंशी, दोन्ही बरोबरीत सुटलेले. समजा, मुलाने १५००, १५६०, १४८०, १६२० आणि १५४० अशा पाच जणांविरुद्ध २ गुण केले. बेरीज ७७००, त्यात दोन वेळा १८०० मिळवून ११३००. सातने भागल्यावर १६१४. गुण २ अधिक १, म्हणजे सातांत ३, साधारण ४३ टक्के. तक्त्यानुसार ४३ टक्क्यांना ५० वजा होतात. पहिलं रेटिंग १५६४.

पहिल्या रेटिंगला वरची मर्यादा २२०० ची आहे. खालची १४००. हिशेब १४०० च्या खाली आला तर रेटिंग जाहीर होत नाही.

रेटिंग १४०० च्या खाली गेलं तर काय होतं?

पुढच्या यादीत खेळाडू पुन्हा अनरेटेड दिसतो आणि त्याला पहिल्यापासून मिळवावं लागतं. १४१० वर असलेल्या मुलांच्या घरी या गोष्टीचा फार ताण असतो, मला ठाऊक आहे. पण १४०० ही फिडेने यादीसाठी आखलेली रेघ आहे. रेघेच्या खाली गेल्याने मूल उंटाची चाल विसरत नाही. दोन चांगल्या स्पर्धा झाल्या की नाव पुन्हा यादीत येतं.

मार्च २०२४ मध्ये माझं रेटिंग काही न खेळता शंभरच्या वर वाढलं होतं. ते कशाने?

तेव्हा २००० च्या खालच्या सगळ्यांचं रेटिंग एकदाच वर उचललं गेलं. २००० पर्यंत जितके कमी, त्याच्या ४० टक्के मिळवले. १२०० वाला १५२० झाला, १४०० वाला १६४० झाला, १८०० वाला १८८०. पूर्वी यादीत १००० पर्यंतची रेटिंगं असायची. भराभर सुधारणारी मुलं फार खालून सुरुवात करायची आणि वर येताना सगळ्यांचे गुण ओढून घ्यायची. त्यामुळे खालच्या थरातले आकडे खऱ्या ताकदीपेक्षा फार खाली घसरले होते, ते यातून दुरुस्त केले. म्हणून २०२३ मधल्या १५०० ची आणि आजच्या १५०० ची तुलना करू नका.

पांढरी-काळी मोहरी, किती चालींत जिंकलो, वेळ संपून हरलो, याने फरक पडतो का?

काहीच नाही. मात झाली, राजीनामा दिला, घड्याळ पडलं, सगळं सारखंच. पांढऱ्याला पहिल्या चालीचा फायदा असतो, पण हिशेबात तो धरत नाहीत.

बाय (जोडी न लागल्याने न खेळताच मिळणारा गुण) मिळाला किंवा समोरचा आलाच नाही तर?

स्पर्धेच्या तक्त्यात गुण मिळतो, रेटिंगसाठी तो डाव झालाच नाही. दोघांनीही निदान एकेक चाल केली असेल तरच डाव मोजतात. तुमचं रेटिंग आहे आणि समोरचा अनरेटेड आहे, तरीही तुमच्या रेटिंगवर काही परिणाम होत नाही.

फेरीगणिक रेटिंग बदलत जातं का? आणि नवीन आकडा कधी दिसतो?

बदलत जात नाही. स्पर्धा सुरू होतानाचं रेटिंगच शेवटच्या फेरीपर्यंत धरतात. तिसऱ्या फेरीपर्यंत साठ वाढले असले तरी चौथ्या फेरीची अपेक्षा जुन्याच रेटिंगवरून काढली जाते. यादी दर महिन्याच्या १ तारखेला लागते. २०१२ पासून ती दर महिन्याला येते, त्याआधी जास्त थांबावं लागायचं. पंचांनी अहवाल वेळेत पाठवला तरच त्या महिन्यात नाव येतं, नाहीतर पुढच्या महिन्यात. चेस-रिझल्ट्स या निकालांच्या संकेतस्थळावर खेळाडूच्या नावावर टिचकी मारली की फेरीवार वाढ-घट आधीच दिसते. क्लासिकल, रॅपिड (कमी वेळेचे डाव) आणि ब्लिट्झ (अगदी काही मिनिटांचे डाव) या तीन याद्या वेगळ्या असतात. रविवारच्या एका दिवसात उरकणारी स्पर्धा रॅपिडची असते, त्यातून क्लासिकल रेटिंग हलत नाही.

आमची नोंदणी कर्नाटकात. कोल्हापूर-सांगलीला किंवा गोव्यात खेळलं तर रेटिंग धरतात का?

हो, पूर्ण धरतात. रेटिंग फिडेचं असतं आणि खेळाडूच्या नावापुढे देश लिहिलेला असतो, राज्य नाही. निपाणीच्या मुलाला हुबळीपेक्षा कोल्हापूर जवळ आहे, तर त्याने बिनधास्त कोल्हापूरला खेळावं. खुल्या मानांकन स्पर्धेत नोंदणी कुठल्या राज्याची हे आड येत नाही. राज्याच्या निवड स्पर्धांचं वेगळं, तिथे नोंदणी ज्या राज्यात त्याच राज्यातर्फे खेळायचं. कन्नडमध्ये चदुरंग म्हणा, मराठीत बुद्धिबळ म्हणा, के चाळीसचाच.

एक काळजी मात्र घ्या. आपल्याकडे एकाच मुलाचं नाव शाळेच्या दाखल्यावर एका प्रकारे आणि आधारवर दुसऱ्या प्रकारे असतं. कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे शेवटी, इंग्रजी स्पेलिंग आणखी तिसरंच. महाराष्ट्रातल्या स्पर्धेचा फॉर्म भरताना वेगळं नाव लिहिलं आणि फिडेचा क्रमांक लिहायचं राहिलं, तर निकाल नीट जुळत नाहीत. क्रमांक पाठ करा. नावापेक्षा तो महत्त्वाचा.

चार फेऱ्यांत रेटिंग चांगलं वाढलंय. आता उरलेल्या फेऱ्या खेळू नये, नाहीतर जाईल, असं सगळे म्हणतात. काय करावं?

खेळावं. या प्रश्नावर मला थोडं जास्त लिहू द्या.

माझ्याकडच्या एका मुलाचं रेटिंग १४८० होतं. एका नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत त्याने पहिल्या चार फेऱ्यांत सोळाशेच्या घरातल्या खेळाडूंविरुद्ध साडेतीन गुण केले. ऐंशीच्या वर रेटिंग जमा झालं होतं. त्या रात्री वडिलांचा फोन आला, “सर, उद्या पोट दुखतंय म्हणून सांगतो, रेटिंग वाचेल.” मी ठामपणे नको म्हणायला हवं होतं. “तुम्ही बघा,” एवढंच म्हणालो. दुसऱ्या दिवशी मुलगा घरी होता.

आता हिशेब मांडू. स्विस पद्धतीत, म्हणजे साधारण सारखे गुण झालेल्यांची जोडी लावतात त्या पद्धतीत, गुण वाढले की पुढचा प्रतिस्पर्धी आणखी वरचा लागतो. समजा, पुढचे पाचही जण १७५० चे असते. फरक २७०, अपेक्षा ०.१७. एका पराभवाचे ६.८ गेले असते. पाचही डाव हरला असता तरी एकूण ३४, म्हणजे ऐंशीतले निम्म्याहून जास्त उरलेच असते. पाचांतले चार हरून एकच जिंकला असता तर उणे २७.२ आणि अधिक ३३.२, म्हणजे सहाने वरच. दोन बरोबऱ्या आणि तीन पराभव झाले असते तरीही सहाने वरच. ज्या फेऱ्यांत गमावण्यासारखं सगळ्यांत कमी होतं त्याच त्याने सोडल्या, आणि १७५० वाल्यांशी पाच डाव बसायची संधी बेळगावातल्या मुलाला रोज मिळत नाही.

पुढच्या स्पर्धेत तो पंधराशे साठच्या वरचा खेळाडू म्हणून बसला. आता अपेक्षा वाढलेली. समोर १५०० वाले आले की पोटात गोळा यायचा, बरी स्थिती असतानाही लवकर बरोबरी मागायचा. वाचवलेले गुण दोन महिन्यांत गेले. ते गेल्याचं मला वाईट वाटत नाही. तो मुलगा खेळताना घाबरायला शिकला याचं वाटतं, आणि त्या रात्रीचा माझा फोन आठवतो.

रेटिंग मुद्दाम खाली ठेवलं तर खालच्या गटातलं बक्षीस मिळतं, असं ऐकलं आहे.

१६०० च्या खालचे, १८०० च्या खालचे अशा गटांना बक्षिसं असतात, म्हणून काही जण असं करतात. मुद्दाम हरणं ही फसवणूक आहे. उघडकीस आलं तर बंदी येऊ शकते, आणि त्या गटात प्रामाणिकपणे खेळलेल्या एखाद्या मुलाचा चषक तुम्ही उचललेला असतो. माझ्याकडे याला जागा नाही.

मोबाईलवर माझं रेटिंग १८०० आहे. म्हणजे मी फिडे १८०० चा झालो ना?

नाही रे. दोन्ही वेगळ्या तराजूंवरची वजनं आहेत. लिचेस हे संकेतस्थळ ग्लिको-२ नावाची पद्धत वापरतं. ती मार्क ग्लिकमन यांनी काढली. तिथे सगळे १५०० पासून सुरू होतात. त्या पद्धतीत रेटिंगसोबत आणखी एक आकडा सांभाळतात, आपला अंदाज किती कच्चा आहे त्याचा. नवीन खात्याचा अंदाज कच्चा, म्हणून एका डावात शंभर-दीडशेची उडी दिसते. खेळत गेलास की उड्या लहान होतात. बरेच दिवस खेळला नाहीस तर पुन्हा मोठ्या होतात. रेटिंगपुढे प्रश्नचिन्ह दिसलं तर अंदाज अजून पक्का नाही असं समज. शिवाय तू तिथे तीन-तीन मिनिटांचे डाव खेळतोस आणि स्पर्धेत दीड-दीड तास बसायचं असतं. मोबाईलवरचा आकडा कालच्या मोबाईलवरच्या आकड्याशीच ताडून पाहा.

ग्रँडमास्टर व्हायला किती रेटिंग लागतं?

२५००, आणि सोबत तीन नॉर्म, म्हणजे मोठ्या स्पर्धांत त्या दर्जाची कामगिरी. इंटरनॅशनल मास्टरला २४०० आणि नॉर्म. फिडे मास्टरला २३००, कँडिडेट मास्टरला २२००, या दोन्हींना नॉर्म लागत नाहीत. काही स्पर्धा जिंकल्या की किताब थेट मिळतो. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकली आणि तिथेच ग्रँडमास्टर झाली. त्या दिवशी आमच्या वर्गातल्या मुलींनी शिकवणी संपल्यावरही पट आवरू दिले नाहीत. आजवरचं सर्वांत जास्त रेटिंग मॅग्नस कार्लसनचं, २८८२, मे २०१४ च्या यादीतलं.

यंदा एसएसएलसी, म्हणजे दहावी, आहे. वर्षभर खेळणं बंद. रेटिंग उतरत जाईल का?

एक गुणही उतरणार नाही. वर्षभर एकही मानांकित डाव खेळला नाही तर नावापुढे ‘निष्क्रिय’ अशी खूण येते, आकडा तोच राहतो. परत एक डाव खेळला की खूण जाते. परतल्यावर पहिल्या स्पर्धेत हात थोडा जड असतो, वेळ पुरत नाही, दहा-वीस गुण जाऊ शकतात. के ४० च असेल, तर ते भरूनही तितक्याच लवकर येतात. परीक्षेच्या वर्षात रविवारी तासभर येऊन नुसता एक डाव खेळून गेला तरी चालेल. पट मांडलेला असतो.